विवेकी आणि अंतःस्फूर्त विचारशैली कशी मोजावी: एका संशोधक विद्यार्थिनीला उत्तर

तुमच्या पत्रातील प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. सहकारी पतसंस्थांमध्ये कर्जप्रकरणे तपासणारे अधिकारी कागदपत्रे आणि आकडे यांवर विसंबून निर्णय घेतात की ‘माणूस बघून’ घेतात, हे तुम्हाला पीएच.डी.साठी मोजायचे आहे. विवेकी आणि अंतःस्फूर्त ही एकाच रेषेची दोन टोके आहेत, तेव्हा एकच प्राप्तांक काढावा आणि मध्यकाच्या (सगळे प्राप्तांक क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याच्या) वरचे विवेकी, खालचे अंतःस्फूर्त असे दोन गट पाडावेत, असा सल्ला तुम्हाला मिळाला आहे आणि तो तुम्हाला पटलेला नाही. इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी भाषांतर करून वापरले तर चालेल का, आणि ज्याचा विवेकी प्राप्तांक जास्त त्याचे कर्जनिर्णय अधिक चांगले असतात असे म्हणता येईल का, हे तुमचे पुढचे दोन प्रश्न आहेत.

मानसशास्त्रीय चाचण्यांचे मराठीत रूपांतर करणे आणि त्या इथल्या लोकांवर तपासून पाहणे, हेच काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. माणसाला कोणत्या पद्धतीने विचार करायला आवडते, ती पद्धत आपल्याला कितपत जमते असे त्याला वाटते आणि प्रत्यक्ष प्रसंगी तो काय करतो, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. यांपैकी आपल्याला कोणती मोजायची आहे हे ठरवल्याशिवाय साधन निवडू नये. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच भेदाशी येऊन थांबतात.

आधी एका रेषेचा प्रश्न घेऊ. ही कल्पना जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या व्यक्तिमत्त्वप्रकारांपासून ती चालत आली, आणि त्यांच्या विचारावर उभ्या राहिलेल्या मायर्स-ब्रिग्ज सूचीसारख्या साधनांनी ती कार्यालयांपर्यंत पोहोचवली. अशा साधनांत उत्तर देणाऱ्याला ‘हे की ते’ असे दोनांतून एक निवडावे लागते. एक निवडले की दुसरे आपोआप कमी होते, म्हणून शेवटी दोन्ही गोष्टी परस्परविरोधी दिसतात. पण तो विरोध माणसाच्या मनात आहे की प्रश्न विचारण्याच्या रीतीत, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. व्यवस्थापनाच्या क्षेत्रात १९९६ मध्ये अ‍ॅलिन्सन आणि हेज यांनी ३८ विधानांची कॉग्निटिव्ह स्टाइल इंडेक्स प्रसिद्ध केली, तीही अंतःस्फूर्ती आणि विश्लेषण यांना एकाच रेषेवर बसवते. पुढे २००३ मध्ये हॉजकिन्सन आणि सॅडलर-स्मिथ यांनी तिच्या आकडेवारीचे पुन्हा विश्लेषण करून दोन घटकांची, म्हणजे दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्यांची, रचना अधिक जुळते असे दाखवले. मूळ कर्त्यांनी त्याला उत्तर दिले आणि वाद बराच रंगला. तुम्हाला मिळालेला सल्ला या वादातील एका बाजूचा आहे, तेव्हा प्रबंधात तो मांडून त्यावर चर्चा करायला काहीच हरकत नाही. तो अभ्यासाचा पाया मात्र करू नका.

दुसरी भूमिका मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील सीमोर एपस्टाइन यांची आहे आणि मला ती अधिक भक्कम वाटते. त्यांच्या मते माणसात माहिती हाताळण्याच्या दोन व्यवस्था शेजारी शेजारी चालतात. एक विवेकी, म्हणजे सावकाश, शब्दांत मांडता येणारी, कारणे शोधणारी; दुसरी अनुभवजन्य (आपण जिला साधारणपणे अंतःस्फूर्त म्हणत आहोत ती), म्हणजे झटपट, चित्रांतून आणि भावनांतून चालणारी, पूर्वीच्या अनुभवांशी सांधे जोडणारी. एक सुरू झाली म्हणून दुसरी बंद पडत नाही. हे दाखवणारा त्यांचा आणि डेनेस-राज यांचा १९९४ मधील प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी करून दाखवतो. जेली बीन्सचे दोन ट्रे ठेवायचे. लहान ट्रेमध्ये १० गोळ्या, त्यांपैकी १ लाल. मोठ्या ट्रेमध्ये १०० गोळ्या, त्यांपैकी ५ ते ९ लाल. न बघता लाल गोळी काढली तर बक्षीस. लहान ट्रेमध्ये शक्यता १० टक्के आणि मोठ्यामध्ये फार तर ९ टक्के, हे सहभागींना ठाऊक होते. तरीही अनेकांनी मोठा ट्रे निवडला आणि निवडताना सांगितले की हिशेबाने हे चूक आहे हे कळते, पण तिथे लाल गोळ्या जास्त दिसतात. ‘कळतं पण वळत नाही’ असे आपण म्हणतो ना, तेच इथे मोजता येईल अशा रूपात समोर येते. एकाच माणसाच्या मनात दोन्ही उत्तरे एकाच वेळी हजर असतात.

या सिद्धांतावरून एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये रॅशनल-एक्स्पीरिएन्शियल इन्व्हेंटरी ही प्रश्नावली तयार केली. संशोधक तिला आरईआय म्हणतात. पहिल्या आवृत्तीत ३१ विधाने होती. त्यांतील १९ विधाने कॅसिओपो आणि पेटी यांच्या १९८२ मधील ‘विचार करण्याची गरज’ मोजणाऱ्या मापिकेवरून घेतलेली होती, आणि १२ विधाने स्वतःच्या अंतःस्फूर्तीवर किती विश्वास आहे हे विचारणारी होती. दोन्ही भागांचे प्राप्तांक काढले तेव्हा त्यांच्यातील सहसंबंध जवळजवळ शून्य निघाला. याचा अर्थ असा की एकावरचा प्राप्तांक कळला तरी दुसऱ्याबद्दल काहीच अंदाज बांधता येत नाही. दोन्हींत वरचे, दोन्हींत खालचे आणि एकेकात वरचे असे चारही प्रकारचे लोक सापडतात. मध्यकाच्या वर आणि खाली अशी विभागणी केली असती तर दोन्हींत वर असलेले अधिकारी तुमच्या अभ्यासातून नाहीसेच झाले असते. पतसंस्थांच्या कामाचा मला जो थोडा परिचय आहे, त्यावरून मला हाच गट सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ताळेबंद ओळ न ओळ वाचणारा आणि त्याच वेळी अर्जदाराच्या दुकानात अर्धा तास बसून गिऱ्हाइकाशी तो कसा बोलतो हे पाहणारा अधिकारी दोन्ही कामे मनापासून करत असतो. त्याला रेषेच्या मधोमध बसवले तर दोन्हींपैकी कशाचीच आवड नसलेल्या माणसाच्या शेजारी तो जाऊन बसतो.

मध्यकावर चिरून गट पाडण्याबद्दल आणखी एक सांगतो, कारण ही सवय आपल्याकडच्या प्रबंधांत फार दिसते. मध्यकाच्या एका गुणाने वर असलेला आणि एका गुणाने खाली असलेला माणूस हे जवळजवळ सारखेच असतात, पण विभागणीनंतर ते विरुद्ध गटांत जातात. उलट एकाच गटातले पहिला आणि शेवटचा मात्र अगदी सारखे असल्यासारखे वागवले जातात. प्राप्तांक जसे आहेत तसे सलग ठेवा आणि प्रतिगमन, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारी संख्याशास्त्रीय पद्धत, वापरा. दोन्ही शैलींचा एकत्रित परिणाम पाहायचा असेल तर त्यांच्या गुणाकाराचे पद समीकरणात घाला.

साधन म्हणून मी १९९९ ची पॅसिनी आणि एपस्टाइन यांची ४० विधानांची आवृत्ती सुचवेन. तिच्यात विवेकी आणि अनुभवजन्य अशा दोन मापिका आहेत आणि प्रत्येकीत दहा-दहा विधानांचे दोन भाग आहेत: एक क्षमतेचा, म्हणजे हे आपल्याला जमते असे वाटणे, आणि दुसरा ओढीचा, म्हणजे असे करायला आवडणे. उत्तर ‘माझ्याबाबतीत मुळीच खरे नाही’ ते ‘माझ्याबाबतीत अगदी खरे’ अशा पाच पायऱ्यांवर द्यायचे असते. मूळ अभ्यासात विवेकी मापिकेची विश्वसनीयता (मापन किती सुसंगत आहे हे सांगणारा ० ते १ मधला आकडा) ०.९० आणि अनुभवजन्य मापिकेची ०.८७ होती, म्हणजे चांगलीच. त्याच अभ्यासात विवेकी प्राप्तांकाचा संबंध मोकळेपणा, कर्तव्यदक्षता आणि कमी चिंताग्रस्तता यांच्याशी दिसला. अनुभवजन्य प्राप्तांकाचा संबंध बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावना मोकळेपणाने व्यक्त करण्याशी. अंतःस्फूर्तीने चालणारा म्हणजे विचारात कच्चा, असा जो समज असतो त्याला या निष्कर्षांतून काहीही आधार मिळत नाही, आणि हे तुम्ही प्रबंधात ठळकपणे लिहावे अशी माझी इच्छा आहे. क्षमता आणि ओढ हे भाग मात्र एकमेकांना फार चिकटलेले असतात. तुमच्या नमुन्यात ते वेगळे निघाले नाहीत तर घाबरू नका; दोन मोठ्या मापिकांवर विश्लेषण करा.

याच परंपरेतली २०११ ची नॉरिस आणि एपस्टाइन यांची ४२ विधानांची आवृत्तीही आहे. तिने अनुभवजन्य शैलीचे अंतःस्फूर्ती, भावनिकता आणि कल्पनाशक्ती असे तीन भाग केले. ‘माणूस ओळखणे’ हा तुमचा विषय असल्याने तिची चर्चा अवश्य करा, पण तुमचा नमुना लहान आहे आणि एका प्रबंधात सगळेच तपासायला जाऊ नये. स्कॉट आणि ब्रूस यांची १९९५ ची निर्णयशैलीची २५ विधानांची मापिका विवेकी आणि अंतःस्फूर्त यांखेरीज परावलंबी, टाळाटाळ करणारी आणि उतावीळ अशा आणखी तीन शैली मोजते. चेअरमनचा फोन येईपर्यंत फाइल बाजूला ठेवणारे अधिकारी तुमच्या अभ्यासात येणार असतील तर ती उपयोगी पडेल.

आता या प्रश्नावल्या नेमके काय सांगतात ते पाहू. माणूस स्वतःबद्दल जे म्हणतो तेच त्यांत नोंदले जाते. ते निरुपयोगी नाही, कारण माणूस स्वतःला कसा समजतो यावर तो कोणते काम अंगावर घेतो हे बऱ्याच अंशी ठरते. पण म्हणणे आणि करणे यांत अंतर असते. हे अंतर पाहण्यासाठी शेन फ्रेडरिक यांची २००५ मधील तीन प्रश्नांची कॉग्निटिव्ह रिफ्लेक्शन टेस्ट बहुतेक संशोधक वापरतात. तिचा पहिला प्रश्न आपल्या चलनात असा होईल: बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपयांना पडतात, बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे, तर चेंडूची किंमत किती? मनात चटकन १० येतात. चेंडू १० चा असेल तर बॅट ११० ची होईल आणि बेरीज १२० वर जाईल. बरोबर उत्तर ५. फ्रेडरिक यांनी ३,४२८ जणांची उत्तरे तपासली तेव्हा तीनपैकी सरासरी १.२४ प्रश्न बरोबर आले आणि ३३ टक्के लोकांना एकही आला नाही. त्याच अभ्यासात या चाचणीचा आणि ‘विचार करण्याची गरज’ मापिकेचा सहसंबंध फक्त ०.२२ होता. त्याचा वर्ग केला की साधारण ५ टक्के येतात, म्हणजे विचार करायला आवडते असे सांगणे आणि सुचलेले पहिले उत्तर थांबून तपासणे यांत सामाईक भाग एवढाच आहे.

ही चाचणीही डोळे झाकून घेण्यासारखी नाही. तिच्यात गणिताचे कौशल्य मिसळलेले असते, आणि तिचे प्रश्न आता इतके फिरले आहेत की अनेकांना उत्तरे पाठ असतात. थॉमसन आणि ओपनहायमर यांनी २०१६ मध्ये आकडेमोड कमी असलेली चार प्रश्नांची आवृत्ती काढली. शर्यतीत तुम्ही दुसऱ्या क्रमांकाच्या धावपटूला मागे टाकले तर तुमचा क्रमांक कोणता, अशा धर्तीचे प्रश्न त्यात आहेत. तुमचे अधिकारी रोज व्याज काढणारे असल्याने दोन्ही मिळून द्याव्यात असे मला वाटते.

इथे मला एक प्रसंग सांगायचा आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणवर्गात मी ही चाचणी दिली होती. निवृत्तीला आलेले एक हिशेबनीस माझ्या समोरच बसले होते. त्यांनी पेन्सिलीने १० लिहिले, खाली रेघ ओढली आणि पुढचे प्रश्न सोडवले. तिसरा प्रश्न संपल्यावर ते पहिल्याकडे परत आले, समासात ११० लिहून त्यातून १० वजा केले, उत्तराकडे थोडा वेळ पाहिले, बोटाने टेबलावर दोनदा टिचकी मारली, मग १० खोडून ५ लिहिले. त्यांच्या शेजारच्या तरुण मुलीने ५ हेच पहिले आणि शेवटचे उत्तर लिहिले होते. गुणपत्रिकेत दोघांनाही १ गुण मिळाला. बरोबर उत्तर येणे म्हणजे आधी चुकीची ऊर्मी आली आणि मग विवेकाने ती आवरली, असे धरून चालण्याची पद्धत पडली आहे. पण बागो आणि डी नेय्स यांच्या २०१९ च्या प्रयोगांत लोकांना आधी घाईघाईने, डोक्यावर दुसऱ्या कामाचा भार ठेवून उत्तर द्यायला लावले आणि मग सावकाश विचार करू दिला, तेव्हा असे दिसले की शेवटी बरोबर उत्तर देणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते पहिल्या झटक्यातच आलेले होते. तेव्हा उत्तराबरोबर खाडाखोडही नोंदवा. पेन्सिल द्या, खोडरबर देऊ नका.

भाषांतराच्या प्रश्नावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण मराठीतले अनेक अभ्यास इथेच घसरलेले मी पाहिले आहेत. मूळ इंग्रजीतून मराठी आणि त्या मराठीतून दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा इंग्रजी, ही ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत सगळे वापरतात आणि ती वापरावीच. पण तिच्यातून एक प्रकारची चूक सुटते. शब्दकोशाला धरून केलेले भाषांतर परत फिरवले की बरोबर मूळ वाक्य मिळते, आणि तरीही ते वाक्य सोलापूरच्या किंवा सावंतवाडीच्या अधिकाऱ्याला भलताच अर्थ देत असते.

‘विचार करणे’ हेच घ्या. मराठीत ‘फार विचार करू नकोस’ म्हणजे काळजी करू नकोस. मूळ प्रश्नावलीत खोलवर विचार करावा लागेल असे प्रसंग मी टाळतो, अशा आशयाचे विधान आहे. त्याचे सरळ भाषांतर करून मी पूर्वचाचणी घेतली होती, तेव्हा एका बाईंनी ‘अगदी खरे’ वर खूण केली. मी कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘रक्तदाब आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, विचार करायचा नाही.’ त्यांच्या विवेकी मापिकेतला एक गुण रक्तदाबामुळे गेला होता. आता मी तिथे ‘डोकं चालवावं लागेल’ किंवा ‘खोलात शिरावं लागेल’ असे शब्द वापरतो.

‘तर्क’ या शब्दाचेही तसेच आहे. शास्त्रात तो विवेकाच्या बाजूचा, पण बोलण्यात ‘तर्क लढवणे’ म्हणजे अंधारात अंदाज बांधणे. ‘अंदाज’ हा शब्द तर दोन्ही बाजूंना चालतो: अंदाजपत्रकातला अंदाज हिशेबाचा असतो, आणि ‘मला अंदाज आलाच होता’ यातला अंदाज मनाचा. अंतःस्फूर्तीसाठी ‘अंतर्ज्ञान’ लिहिले तर उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साधुसंत येतात आणि तो नम्रपणे ‘मुळीच खरे नाही’ म्हणतो. ‘मनाचा कौल’ हा शब्दप्रयोग मला फार आवडतो, पण कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची रीत जिवंत आहे आणि तिथे या शब्दाला श्रद्धेचा रंग चढतो. एकाच मापिकेत हे दोन अर्थ मिसळलेले चालणार नाहीत. पूर्वचाचण्यांत सगळ्या भागांत सारखे समजले गेलेले शब्द म्हणजे ‘आतून वाटणे’, ‘मन सांगते’ आणि ‘पहिल्या भेटीतच कळते’. ते साधे आहेत, आणि प्रबंधाच्या परीक्षकांना कदाचित पुरेसे शास्त्रीय वाटणार नाहीत, तरी तेच ठेवा.

व्याकरणाचाही प्रश्न आहे. इंग्रजीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसते. मराठीत ‘मी ठेवतो’ आणि ‘मी ठेवते’ असे दोन पर्याय होतात. ‘ठेवतो/ठेवते’ असे तिरक्या रेघेने लिहिले की चाळीस विधाने वाचताना डोळे दमतात. म्हणून भाषांतरकार ‘मला जमते’, ‘मला आवडते’, ‘माझा विश्वास असतो’ अशा रचनांकडे वळतात. तिथे एक सूक्ष्म फरक पडतो. ‘मी कोडे सोडवते’ यात करणारी मी असते, ‘मला कोडे सुटते’ यात ते माझ्या हातून घडून येते. विवेकी विधाने ‘मी’ने सुरू होणारी आणि अंतःस्फूर्त विधाने ‘मला’ने सुरू होणारी झाली, तर लोक विधानाच्या आशयाइतकेच त्याच्या घडणीलाही उत्तर देऊ लागतील. शक्य असेल तर स्त्री आणि पुरुषांसाठी दोन छापील प्रती करा आणि दोन्ही मापिकांत दोन्ही रचना सारख्या वाटून द्या.

नकारार्थी विधानांचा त्रास याहून मोठा. हो-हो म्हणण्याची सवय पकडता यावी म्हणून अशा प्रश्नावल्यांत काही विधाने उलटी लिहिलेली असतात आणि गुण देताना ती फिरवावी लागतात. पाच पायऱ्यांच्या मापिकेत ६ मधून दिलेले उत्तर वजा करायचे. मराठीत ‘गुंतागुंतीचे प्रश्न सोडवणे मला फारसे जमत नाही’ या विधानाला ‘नाही’ असे उत्तर आले तर त्याचा अर्थ ‘नाही, हे खरे नाही’ असाही होतो आणि ‘नाही, जमत नाही’ असाही. प्रश्नावली तोंडी वाचून भरून घेणार असाल तर ही अडचण दर तिसऱ्या-चौथ्या माणसाकडे येते. त्यामुळे तुमच्या घटक विश्लेषणात (कोणत्या विधानांची उत्तरे एकत्र हलतात हे शोधण्याच्या पद्धतीत) उलट्या विधानांचा एक वेगळाच घटक निघू शकतो, आणि त्याला नवी विचारशैली समजून नाव देण्याचा मोह होतो. माझा आग्रह असा की ‘जमत नाही’ ऐवजी ‘अवघड जाते’, ‘विश्वास ठेवत नाही’ ऐवजी ‘शंका येते’ असे होकारार्थी क्रियापदांत लिहावे. मग मुख्य अभ्यासाआधी निदान दहा-बारा जणांना प्रत्येक विधान वाचायला देऊन, त्यातून काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे. दोन दुपारी पुरतात, आणि या दोन दुपारी वाचवल्या तर वर्षभराच्या आकड्यांवर पाणी पडू शकते.

आणखी एक गोष्ट तुमच्या नमुन्याशी बांधलेली आहे. कर्ज-अधिकाऱ्याने ‘मी मनाला वाटेल तसे ठरवतो’ असे लिहून देणे म्हणजे नियमभंगाची कबुली देण्यासारखे आहे. पतसंस्थेच्या कार्यालयात, शाखाधिकारी शेजारी असताना ही प्रश्नावली भरली गेली तर अनुभवजन्य प्राप्तांक खाली येतील. म्हणून विधानांत कामाचा उल्लेख करू नका. रोजच्या आयुष्याबद्दल उत्तरे द्या असे सुरुवातीलाच सांगा आणि प्रश्नावली बाहेर, शक्यतो प्रशिक्षणकेंद्रात भरून घ्या.

प्राप्तांक हाती आल्यावर त्यांचा किती भरवसा धरायचा हे आकड्यांनीच ठरवा. समजा तुमच्या नमुन्यात दोन्ही मापिकांचे प्रमाण विचलन (प्राप्तांक सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) १० आले आणि विश्वसनीयता मूळ अभ्यासाइतकीच, म्हणजे ०.९० आणि ०.८७ मिळाली. विवेकी मापिकेची मापनत्रुटी म्हणजे १० गुणिले ०.१० चे वर्गमूळ, साधारण ३.२, अनुभवजन्य मापिकेची साधारण ३.६. एकाच व्यक्तीचे दोन प्राप्तांक एकमेकांशी ताडायचे तर दोन्ही त्रुटी एकत्र येतात आणि त्या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ४.८ होते. ९५ टक्के खात्रीने बोलायचे असेल तर फरक सव्वानऊ गुणांपेक्षा थोडा जास्तच हवा. त्याच्या आत असेल तर ‘हा अधिकारी विवेकीपेक्षा अंतःस्फूर्त जास्त’ असे त्या व्यक्तीबद्दल लिहू नका. इतक्या चांगल्या विश्वसनीयतेवरही ही स्थिती आहे. भाषांतरात ती ०.७० वर घसरली तर एका प्राप्तांकाची त्रुटीच साडेपाच होते.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे: विवेकी प्राप्तांक जास्त असेल तर निर्णय चांगले असतात का? आरईआयच्या आधारे याचे थेट उत्तर देता येणार नाही, कारण निर्णयाचा दर्जा ती मोजतच नाही. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या परस्परविरोधी मतांच्या दोन संशोधकांनी २००९ मध्ये एकत्र लेख लिहून अंतःस्फूर्तीवर कधी विसंबावे याच्या दोन अटी मांडल्या. परिस्थितीत पुरेशी नियमितता हवी, आणि आपले कुठे बरोबर आले, कुठे चुकले हे शिकण्याची संधी मिळत राहायला हवी. अग्निशमन दलातील अनुभवी अधिकारी किंवा बुद्धिबळपटू यांना हे मिळते. कर्ज-अधिकाऱ्याला अर्धेच मिळते. त्याने दिलेले कर्ज थकीत गेले तर ते दोन-तीन वर्षांनी कळते, तोवर त्याची बदली झालेली असते. आणि ज्याला कर्ज नाकारले तो फेडणारा निघाला असता की नाही हे त्याला कधीच कळत नाही. ‘मला माणूस ओळखता येतो’ या त्याच्या विश्वासाला तपासणारी दुसरी बाजू समोर येतच नाही. त्यामुळे अनुभवजन्य क्षमतेवर त्याने स्वतःला दिलेले गुण प्रामाणिक असूनही फसवे असू शकतात. उलट पाऊसपाण्यावर आणि बाजारभावावर हलणाऱ्या गावात निव्वळ ताळेबंद पाहणाराही चुकतो, कारण द्राक्षबागायतदाराचा मागच्या मार्चचा ताळेबंद या वर्षीच्या अवकाळी पावसाबद्दल काही सांगत नाही.

म्हणून प्रश्नावलीच्या जोडीला प्रत्यक्ष काम ठेवा. वीस काल्पनिक कर्जप्रकरणे तयार करा. काहींत कागद भक्कम आणि मुलाखतीचा वृत्तान्त शंकास्पद, काहींत कागद कच्चे आणि वृत्तान्त विश्वास वाटावा असा, उरलेल्यांत दोन्ही एकाच दिशेचे ठेवा. प्रत्येक प्रकरणात सातबारा, बँक खात्याचा उतारा, जामीनदाराची माहिती आणि मुलाखतीचे टिपण वेगवेगळ्या पाकिटांत घाला. अधिकारी कोणते पाकीट आधी उघडतो, कोणते उघडतच नाही, किती वेळाने निर्णय लिहितो आणि एक-दोन पाकिटे उशिरा दिल्यावर निर्णय बदलतो का, हे नोंदवा. ही नोंद आरईआयच्या दोन्ही प्राप्तांकांशी आणि रिफ्लेक्शन चाचणीशी ताडून पाहा. आवड, आत्मविश्वास आणि वर्तन या तिन्ही गोष्टी मग तुमच्याकडे वेगवेगळ्या स्तंभांत असतील, आणि त्यांचे किती जुळते, कुठे फाटते, हाच तुमच्या प्रबंधाचा गाभा होईल. संबंध क्षीण निघाले तरी ते लपवू नका, ०.२ चा सहसंबंध प्रामाणिकपणे मांडणारा मराठी अभ्यास मला हवा आहे.

नमुन्याबद्दल इतकेच, की ४० विधानांच्या घटक विश्लेषणासाठी २०० ही खालची मर्यादा समजा आणि ३०० पर्यंत जाता आले तर जा. प्रश्नावली वापरण्याची परवानगी तिच्या हक्कधारकांकडून लेखी घ्या आणि मराठी रूपांतर पूर्ण झाल्यावर ते त्यांच्याकडेही पाठवा.

आणि आकडे गोळा करण्यापूर्वीच संस्थेच्या संचालक मंडळाकडून लेखी घ्या की कोणाही अधिकाऱ्याचा वैयक्तिक प्राप्तांक त्यांना मिळणार नाही, फक्त एकत्रित निष्कर्ष मिळतील. मी पाहिलेल्या एका ठिकाणी असा कागद केलेला नव्हता. चार महिन्यांनी प्राप्तांकांची यादी बदल्यांच्या बैठकीत टेबलावर आली. पुढच्या वर्षी त्याच कर्मचाऱ्यांनी भरलेल्या प्रश्नावलीत सगळ्यांचा विवेकी प्राप्तांक कमाल मर्यादेला जाऊन टेकला होता, आणि त्या आकड्यांतून कोणाबद्दलही काही शिकता आले नाही. तुमच्या संमतिपत्राचा मसुदा तयार झाला की मला पाठवा, त्यातले हे कलम मी स्वतः वाचून देईन.